मर लागलेल्या रानातून तुरीचे बियाणे निवडण्याची कृती

बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात, तूर साधली की वर्ष साधते. ‘गुलबर्गा तूर डाळी’ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच काळ्या रानात फुलोऱ्याच्या तोंडावर उभी तूर वाळत जाते. आपण त्याला मर म्हणतो, कानडी शेजारी नेटे रोग म्हणतो. फ्युजेरियम उडम ही बुरशी जमिनीतून मुळात शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. झाड मलूल दिसू लागते तेव्हा आतले काम संपलेले असते, म्हणून त्या वेळी केलेली फवारणी वाया जाते. मरीवरचा खरा इलाज बियाण्यात आहे, आणि तो टिकवून धरण्याचे काम शेतकरी स्वतःच्या रानात करू शकतो. त्याची ही कृती. तिला तीन हंगाम लागतात: पहिल्यात निवड, दुसऱ्यात परीक्षा, तिसऱ्यात बियाणे वाढवणे.

साहित्य अगदी साधे आहे. जाड पुठ्ठ्याची वही, रंगीत चिंध्या, बांबूच्या खुंट्या, मलमलीच्या किंवा बारीक नायलॉन जाळीच्या दोन फूट लांबीच्या शंभरेक पिशव्या, बी ठेवायला कागदी पाकिटे, आणि ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रानातला तो कोपरा, जिथे दरवर्षी मर येतेच. एरवी शिवी खाणारा हाच तुकडा या कामात उपयोगी पडतो.

रोग ओळखा

वाळलेले प्रत्येक झाड मरीने गेलेले नसते, आणि इथे गफलत झाली तर पुढची सगळी निवड फुकट जाते. संशयित झाड बुडख्यासकट उपटा आणि सोटमूळ उभे चिरा. मर असेल तर आत काळ्या-तपकिरी रेघा दिसतात. खोडाची साल अलगद सोला, त्याच रेघा वर चढलेल्या असतात. बऱ्याचदा खोडाच्या बुडापासून वर जाणारा जांभळट पट्टाही बाहेरून दिसतो, कधी तो झाडाच्या एकाच अंगाला असतो. मर रानात ठिकठिकाणी चट्ट्यांनी येते.

पाणी साचलेल्या जागी कोवळी रोपे जमिनीलगत किंवा थोडी वर काळपट, खोलगट डाग पडून तिथेच मोडत असतील, तर तो फायटोफ्थोराचा करपा आहे. त्याला निचरा लागतो. आणि झाड वाळत नाही, उलट फिकट हिरवे, झुडपासारखे दाट होते, पाने बारीक होतात, फुले येतच नाहीत, तर तो वांझ रोग, कानडीत गोड्डू रोग. तो विषाणूचा आजार असून डोळ्यांना न दिसणारा एरिओफिड कोळी तो पसरवतो. पेरणीपासून दीड महिन्याच्या आत लागण झाली तर त्या झाडाला जवळजवळ शेंगच धरत नाही. बियाण्यातून तो येत नाही. बांधावर, परसात राहिलेल्या खोडव्या तुरीवर कोळी उन्हाळा काढतो, म्हणून पाऊस पडण्याआधी अशी झाडे काढून टाका.

एका रोगाला दाद न देणारा वाण दुसऱ्यालाही देणार नाही, हा समज आपल्या भागात फार खोल गेला आहे आणि त्याने नुकसान केले आहे. मारुती वाणाचे उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे आहे. त्याचे मूळ नाव आयसीपी ८८६३. हैदराबादजवळच्या पटानचेरूला इक्रिसॅट या संशोधन संस्थेत महाराष्ट्रातल्या एका जुन्या तुरीतून तो निवडला गेला आणि १९८६ मध्ये कर्नाटकात लागवडीसाठी आला. मरीने गांजलेल्या उत्तर कर्नाटकाने तो उचलून धरला. पण वांझ रोगापुढे हाच मारुती इतका दुबळा आहे, की शास्त्रज्ञ त्या रोगाच्या चाचण्यांत ‘हमखास लागण होणारा’ वाण म्हणून त्याचीच ओळ पेरतात. दोन्ही रोगांना तोंड देणारी आशा, म्हणजे आयसीपीएल ८७११९, पुढे १९९३ मध्ये आली. बदनापूरच्या केंद्राचा बीएसएमआर-७३६ सुद्धा दोन्ही रोगांसाठीच ओळखला जातो. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर आपल्या शिवारात कोणता रोग जास्त आहे ते लिहा, आणि मगच वाणाचे नाव.

पहिला हंगाम: जिवंत झाडे हेरणे

कळ्या धरू लागल्या की मरीच्या चट्ट्यात उतरा. आजूबाजूची झाडे माना टाकत असताना जी ताठ उभी आहेत त्यांना चिंधी बांधा. एकदम शंभर झाडांना बांधा, कारण शेंगा भरेपर्यंत त्यातली बरीच जातील. बांधाकडेच्या पहिल्या दोन तासांतले झाड घेऊ नका.

आता भुलवणारी गोष्ट सांगतो. चट्ट्यातल्या मोकळ्या जागेशेजारचे झाड नेहमीच डौलदार दिसते. शेजारी मेले, त्यांच्या वाट्याचे ऊन, ओल आणि अन्न याला मिळाले. शेंगांनी लगडलेले ते झाड पाहून हात आपोआप तिकडे जातो, पण तो गुण रक्तातला नाही, जागेचा आहे. ज्याच्या दोन्ही बाजूंना जिवंत शेजारी आहेत आणि तरीही ज्याला जास्त शेंगा आहेत, ते झाड खरे. मरीच्या चट्ट्यात अशी जोडीने उभी झाडे कमी सापडतात. ती शोधायला वेळ द्या.

चिंधी बांधून झाली की लगेच पिशव्या. तुरीचे फूल स्वतःच्या परागाने फळते, पण मधमाश्या दुसऱ्या झाडांचे परागही आणतात. सरासरी पाचातले एक बी अशा परक्या परागाचे असते, आणि मधमाश्या जास्त असतील त्या भागात प्रमाण याहून बरेच वाढते. चांगला वाण तीन-चार वर्षे घरचे बी पेरून ‘उतरतो’ तो मुख्यतः यामुळे. शेजारच्या रानातला रोगाला बळी पडणारा वाण फुलाफुलांतून आपल्या पोत्यात येतो. म्हणून हेरलेल्या प्रत्येक झाडाची एक जोमदार फांदी निवडा, तिच्यावरची उमललेली फुले आणि धरलेल्या शेंगा खुडा, फक्त बंद कळ्या ठेवा. अळी नाही याची खात्री करा, नाहीतर पिशवीतच सगळे फस्त होईल. मग पिशवी चढवून तोंड सुतळीने सैल पण बंद बांधा. शेंगा दिसू लागल्या की तीन-चार आठवड्यांनी पिशवी काढा आणि त्या फांदीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा.

येळवशीच्या सणाआधी घरातल्या सगळ्यांना हा दोरा दाखवून ठेवा. भज्जीसाठी हिरव्या शेंगा तोडायला पोरेबाळे रानात पसरतात, आणि सगळ्यांत भरलेल्या शेंगा नेमक्या निवडलेल्या झाडांवर असतात.

शेंगा तीन चतुर्थांशाहून जास्त तपकिरी झाल्या की दोऱ्याच्या फांद्या आधी काढा. प्रत्येक झाडाचे मूळ चिरून पाहा. वरून ठणठणीत दिसणाऱ्या काही झाडांच्या आत रेघा सापडतात, ती बाद. उरलेल्या प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या पाकिटात, वर क्रमांक. वहीत त्या क्रमांकापुढे फुलोऱ्याची वेळ, पक्वतेची वेळ, शेंगेतले दाणे आणि शंभर दाण्यांचे वजन लिहा. आपल्याकडच्या तुरीत ते साधारण १० ग्रॅमच्या आसपास येते.

या नोंदींचे वजन सारखे नसते. दाण्याचा आकार आणि पक्वतेचा काळ हे गुण आईकडून लेकराकडे बऱ्यापैकी जसेच्या तसे जातात, त्यामुळे एका झाडावरूनही त्यांची निवड करता येते. शेंगांची संख्या आणि एकूण उतारा मात्र जमीन, ओल आणि अंतर यांच्या हातात फार असतो. एका झाडाने दिलेला उतारा पाहून निर्णय करू नका. उताऱ्याचा न्याय पुढच्या वर्षी संपूर्ण ओळीवरून करायचा. पक्वतेकडे मात्र आत्ताच लक्ष द्या. मुरमाड, हलक्या रानात १५० ते १६० दिवसांत येणारी झाडे घ्या, कारण उशिराच्या तुरीचे दाणे ओल संपल्यावर भरत नाहीत. खोल काळ्या रानात १८० दिवसांपर्यंत चालेल.

शेवटी पन्नासेक पाकिटे उरली पाहिजेत. एकाच ‘राजा झाडा’च्या मागे लागू नका. तुरीतली मर-प्रतिकारकता एका जनुकावर चालते की अनेक, याची उत्तरे शास्त्रज्ञांना वेगवेगळ्या वाणांत वेगवेगळी मिळाली आहेत: कुठे एक प्रभावी जनुक, कुठे एकमेकांना पूरक दोन, कुठे त्याहून जास्त. शिवाय बुरशीचेही प्रकार आहेत, आणि पटानचेरूला टिकलेला वाण आळंदला टिकेलच असे नाही. अनेक झाडांचे बी हातात असणे हाच यातला विमा.

भाताचे काम या बाबतीत पुढे गेले आहे. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि सीसीएमबीने सांबा मसुरीत जिवाणूजन्य करप्याविरुद्धची तीन जनुके, एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५, डीएनएच्या खुणा पाहत एकत्र आणली. २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी लागवडीसाठी आली, तांदळाची प्रत तशीच ठेवून. रोगाशी लढणारे पीक उत्पादनात मागे पडते असा जुना अनुभव आहे. त्यावर चिनी शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये भातातल्या आयपीए-१ या जनुकाचे काम उलगडून दाखवले. करपा (ब्लास्ट) आणणाऱ्या बुरशीने हल्ला करताच त्याचे प्रथिन रूप बदलून संरक्षणाला लागते आणि दोन दिवसांत पुन्हा उत्पादनाच्या कामाकडे वळते. म्हणजे दोन्ही गुण एका झाडात नांदू शकतात. आशा तुरीचा जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला आणि त्यात ४८,६८० जनुकांचा अंदाज आला, पण शेतकऱ्याच्या हातात देण्याजोगी डीएनएची खूण अजून नाही. तोवर आपल्याला मरीचा वाफा हीच प्रयोगशाळा.

दुसरा हंगाम: मरीच्या वाफ्यात परीक्षा

रोगी जागेत वाचलेले झाड प्रतिकारकच असते असे नाही. बुरशी जमिनीत सारखी पसरलेली नसते, म्हणून काही झाडे निव्वळ नशिबाने सुटतात. खरे प्रतिकारक आणि नशीबवान यांतला फरक त्या झाडावरून कळत नाही, त्याच्या लेकरांवरून कळतो. या हंगामाचे सगळे काम तेवढ्यासाठी आहे.

मरीचा वाफा, म्हणजे दरवर्षी मर येणारा तोच कोपरा, उताराच्या खालच्या अंगाला असावा, म्हणजे त्यातले पाणी चांगल्या रानात जाणार नाही. आधीच्या हंगामातली मरीने गेलेली खोडे आणि मुळे बारीक तोडून त्यातच मिसळा. ही बुरशी पिकाच्या अवशेषांवर जमिनीत तीनेक वर्षे तग धरते. वाफ्यातून निघालेले औत, कोळपे धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात नेऊ नका. या वाफ्यात ट्रायकोडर्मा किंवा बुरशीनाशक वापरायचे नाही. एरवी ते हवेच, पण इथे ते परीक्षेतच अडथळा आणेल.

पेरणीआधी प्रत्येक पाकिटातले बी दोन भागांत वाटा. अर्धे वाफ्यात जाईल, अर्धे घरी बंद डब्यात राहील. घरचे अर्धे फार महत्त्वाचे आहे, त्याला या हंगामात हात लावायचा नाही.

मृग-आर्द्रात पेरा. एका पाकिटाची एक ओळ, ओळीत २५ ते ३० झाडे, दोन ओळींत दोन-अडीच फूट अंतर. दर दोन ओळींनंतर ज्याला आपल्याकडे मर लागतेच अशा जुन्या वाणाची एक ओळ टाका. तिला साक्षीची ओळ म्हणू. आणि वाफ्यात तीन-चार ठिकाणी खात्रीच्या प्रतिकारक वाणाची ओळही पेरा. त्याचे बी रयत संपर्क केंद्रातून किंवा कलबुर्गीला आळंद रस्त्यावरच्या कृषी संशोधन केंद्रातून आणा. त्या केंद्राचे टीएस-३आर आणि जीआरजी-८११ हे वाण या भागात पेरले जातात. खुंट्यांवर पाकिटाचा क्रमांक लिहा आणि वाफ्याचा नकाशा वहीत काढा, कारण पावसात खुंटीवरची शाई धुऊन जाते.

मोजणी तीनदा करा: पेरणीनंतर महिन्याने, फुलोऱ्यात, आणि शेंगा भरल्यावर. पहिल्या मोजणीत उगवलेली एकूण झाडे लिहा, पुढे दरवेळी मेलेली. मूळ चिरल्याशिवाय ‘मर’ असे लिहू नका. ओळीत २८ झाडे होती आणि २ मरीने गेली तर मर सुमारे ७ टक्के. १० टक्क्यांपर्यंत ओळ प्रतिकारक, १० ते ३० मध्यम, त्याहून जास्त तर बाद. ही संशोधन केंद्रांचीच पट्टी आहे.

पण आधी साक्षीच्या ओळींकडे पाहा. त्यांच्यात ८० टक्क्यांच्या आसपास झाडे गेली असतील तरच वाफ्याचा निकाल धरा. त्या निम्म्याही मेल्या नसतील तर तुमच्या ओळी वाचल्या याला काही अर्थ नाही, कारण परीक्षाच झाली नाही. अशा वेळी वाफ्यात पुन्हा खोडे मिसळून पुढच्या वर्षी घरी राखलेल्या बियातले थोडे परत पेरा. एक वर्ष जाईल, पण खोटे बियाणे हाती येण्यापेक्षा ते परवडले. बरेच जण नेमकी हीच पायरी गाळतात.

वांझ रोगाचे झाड वाफ्यात दिसले की नोंद करून लगेच उपटा. संशोधन केंद्रात या रोगाची परीक्षा मुद्दाम घेतात: रोप दोन पानांचे असताना रोगट पान त्याच्या पानाला स्टेपलरने जोडतात, आणि कोळी चालत जाऊन लागण करतो. रानात हा प्रयोग करू नका, कोळी वाऱ्याने पसरतो.

रास करताना प्रत्येक ओळीचे दाणे वेगळे बडवा, वजन करा आणि ओळीत शेवटी उरलेल्या झाडांनी भागा. आता उताऱ्याचा निकाल लागतो. मर १० टक्क्यांच्या आत आहे अशा ओळींतून झाडामागे जास्त दाणे देणाऱ्या दहा-पंधरा ओळी निवडा. मर शून्य पण उतारा फार कमी अशी ओळ असेल तर ती ठेवू नका. बाजारात दाणे विकायचे असतात.

या ओळींचे वाफ्यातले बी पुढे पेरायचे नाही. तिथे साक्षीच्या ओळी फुलल्या होत्या आणि त्यांचा पराग इकडे आलेला आहे. ते डाळीला वापरा.

तिसरा हंगाम: बियाणे वाढवणे

आता घरी राखलेले अर्धे बी बाहेर काढा. जिंकलेल्या दहा-पंधरा क्रमांकांचे बी सारख्या प्रमाणात एकत्र करा. आधी गोणपाटात १०० दाणे भिजवून गुंडाळा, सहाव्या दिवशी मोजा. ७५ किंवा जास्त उगवले तर बी चांगले. कमी उगवले तर तेवढ्या प्रमाणात जास्त पेरा.

इथून पुढे बीजप्रक्रिया पूर्ण करा. किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), आणि सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरणी. शक्य असेल तर एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर ठेवून रानात टाका. प्रतिकारक बियाण्यालाही मदत लागते. तुरीमागून तूर कधीच नाही. मध्ये ज्वारीचे वर्ष घाला, किंवा ज्वारीत आंतरपीक म्हणून तूर घ्या. ज्वारीच्या सोबत मर कमी राहते हे जुन्या प्रयोगांतून वारंवार दिसले आहे.

बी थोडे असल्याने झाडे विरळ लावा, तीन फूट बाय एक फूट. बीदर जिल्ह्यात पिशवीत रोपे करून तुरीची पुनर्लागवड करणारे बरेच शेतकरी आहेत. मोजक्या बियाला ती पद्धत उत्तम, एकही दाणा वाया जात नाही. दीड महिन्याने शेंडे खुडा.

अडचण येते ती अंतराची. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या तुरीपासून १०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी २५० मीटर अंतर लागते. आपल्या शिवारात चहूकडे तूर असते, इतके अंतर मिळत नाही. मग दोन गोष्टी करा. शेजाऱ्याशी बोलून त्या बाजूला त्यानेही हेच किंवा तुमच्याकडचे दुसरे प्रतिकारक बी पेरावे असे पाहा. आणि कापणीला चारी बाजूंचे सात-आठ तास बाजूला काढून फक्त मधल्या भागाचे बी राखा. फुलोऱ्याआधी वेगळ्या रंगाच्या खोडाची, वेगळ्या ठेवणीची झाडे उपटा, आणि फुले उमलताच वेगळ्या रंगाची फुले दिसतील ती झाडेही त्याच दिवशी काढा. मर लागलेले एकेक झाड मुळासकट काढून जाळा.

बियाण्याची रास वेगळ्या खळ्यावर करा. दाणे दाताखाली कट्कन तुटेपर्यंत उन्हात वाळवा. ओल ९ टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर भुंगेरे पोत्याची चाळण करतात. कोरड्या, घट्ट झाकणाच्या पिंपात भरा आणि चिठ्ठी आत टाका: वर्ष, क्रमांक, मरीची टक्केवारी. संकरित तुरीवर ही कृती करू नका, तिचे घरचे बी पुढच्या पिढीत फुटते.

दर तीन-चार वर्षांनी यातल्या शंभर दाण्यांच्या ओळी पुन्हा मरीच्या वाफ्यात पेरून बघा. वाफा मोडू नका.

पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने मात्र विकता येत नाही. तुमच्या ओळी सलग दोन वर्षे १० टक्क्यांच्या आत राहिल्या तर वहीसकट किलोभर बी बीदरजवळच्या जनवाड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कलबुर्गीच्या संशोधन केंद्रात घेऊन जा, आणि उरलेल्यातले पायलीभर ज्याच्या रानात मर आहे अशा शेजाऱ्याला पेरायला द्या.